आग आणि मयत सोडून

तोमेबाई मला कधीच आवडली नाही. परवा तिच्या मयताला गेलो, खांदाही दिला, पण आता ती गेली म्हणून गोड बोलायचं, तर ते मला जमणार नाही. तोंड असं फाटकं, की समोरच्याच्या सात पिढ्यांची लाज निघायची. आमची शेतं लागून. बांध कोरल्याचा आळ माझ्यावर वर्षातून दोनदा ठरलेला.

नवरा लवकर मेला. पदरात एक पोरगा, शोइची, आणि कसायला तळ्याखालचं एक शेत. तेही हागिवारा मालकांचं. आम्ही सगळीच त्यांची कुळं. निम्मं भात त्यांच्या कोठारात घालायचं आणि घालून झालं की खाली मातीत उभं राहून वाकायचं. वर त्यांच्या घराच्या फळ्यांच्या जमिनीवर पाय ठेवायची कुणाची टाप नव्हती.

शोइचीला लढाईवर धाडलं तेव्हा मालकांनी शाळेच्या पटांगणात टेबलावर उभं राहून भाषण ठोकलं. गावाने झेंडे हलवले, मीही हलवला. आपण हरलो, त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात तो परतला, पण बंदरावरच्या इस्पितळापर्यंतच. तार आली तशी तोमे इस्पितळाला निघायच्या तयारीने माझ्या दारात उभी.

"इसाकू, भात झोडून झालंय. बार्ली तेवढी पेर माझी. आणि सरळ पेर, डावखुऱ्या."

पोरगा तिकडे मरणाच्या दारात आणि हिला ओळींची पडलेली. पेरली मी. माझी बायको काने मागून बी टाकत होती. माझ्या ओळी डावीकडे कलतात, जन्माची खोड आहे. त्या हिवाळ्यात जाणारा-येणारा रस्त्यात थांबून हसत होता. महिन्याने तोमे पांढऱ्या फडक्यात गुंडाळलेली अस्थींची पेटी गळ्यात अडकवून आली. घरी जायच्या आधी शेताकडे बघितलं आणि म्हणाली, "साप पेरलेस का रे?"

मग कायदा आला. आपल्या सरकारने केला म्हणायचं, पण केला जिल्ह्याच्या शहरात, माएबाशीत, आणि तोक्योत बसलेल्या अमेरिकनांनी. पंचेचाळीस सालच्या तेवीस नोव्हेंबरला जो शेत कसत होता, शेत त्याचं. गावोगावी त्यासाठी समिती निवडायची: पाच कुळं, तीन जमीनदार, दोघे घरची शेती असलेले. पाच कुळांत मी एक. पहिल्या बैठकीला मालक आत आले, तसे आम्ही पाचही जण उठून उभे राहिलो आणि त्यांनाच अध्यक्ष करून टाकलं. अमेरिकनांनी आम्हाला मत दिलं होतं, कणा कुठून देणार?

मालकांनी अर्ज केला, की तेवीस नोव्हेंबरला तळ्याखालचं शेत त्यांचा पुतण्या तात्सुओ कसत होता. म्हणजे ते घरचंच, कुळाचं नाही. तोमे तेव्हा पोराजवळ इस्पितळात होती, तेवढं त्यांना पुरलं. तात्सुओने तोवर कुदळीचा दांडा धरला नव्हता. देवळाच्या पायऱ्यांवर मालक मला भेटले.

"इसाकू, तुझ्या दोन शेतांचं काम मी लवकर उरकून टाकतो हं."

एवढंच बोलले. आणखी काय बोलायचं? माझं लग्न त्यांनीच जुळवलेलं. माझ्या लग्नात वडीलधारे म्हणून शेजारी तेच बसले होते.

दुसऱ्या दिवशी तोमे आली. तिला येताना बघून मी रेशमाच्या किड्यांच्या माळ्यावर चढलो. खालून कानेचा आवाज आला, "ते माएबाशीला गेलेत." तोमे जरा वेळ दारात उभी राहिली आणि निघून गेली. मी तिथेच कपाळाला हात लावून बसलो. लाज वाटली, आणि तिचा रागही आला. हिला माझंच दार सापडलं का?

मग तिने अमेरिकनांना पत्र धाडलं. जीप आली. एक लालबुंद पोरगेला अधिकारी आणि आपल्याच तोंडवळ्याचा दुभाषा. सगळ्या गावाने वाकून सांगितलं, इथे सगळं ठीक आहे. मीही सांगितलं. जीप गेल्यावर मालक रस्त्यातच कडाडले.

"घरात पोराच्या अस्थी, आणि त्याला मारणाऱ्यांना पत्रं लिहितेस? निर्लज्ज!"

"गोळी त्यांची होती मालक," तोमे म्हणाली, "पण टेबलावर चढून पाठवणी कुणी केली? त्यांचं तोंड मलाही बघवत नाही. पण ते निदान शेत तरी देताहेत. तुम्ही काय दिलंत, झेंडा?"

त्या दिवसापासून गावाने तिला वाळीत टाकलं. कुणी बोलायचं नाही, शेजाऱ्यांनी मिळून तापवलेल्या आंघोळीच्या पिंपाला बोलवायचं नाही, पेरणी-लावणीला हात लावायचा नाही. आमच्याकडे वाळीत टाकलं तरी दोन गोष्टी सुटतात: आग आणि मयत. आग पसरते आणि मढं कुजतं, म्हणून.

निकालाच्या बैठकीला दोन दिवस उरले होते. मार्च महिना, आकागी डोंगरावरून सुटलेला कोरडा वारा, भरदुपार. टेहळणीच्या शिडीवरची घंटा घणघणली. तळ्याच्या काठाला धूर. सगळं गाव बादल्या घेऊन धावलं. मालकही आले, आगीच्या पथकाचे प्रमुख तेच ना! तोमेने वर्षभराचा पेंढा पेटवून दिला होता आणि पाण्याने भरलेल्या दोन बादल्या शेजारी ठेवून उभी होती. आग विझली.

"जाऊ नका," ती म्हणाली. "आगीला आलाय, तर अजून धूर आहे. ही यंदाची बार्ली माझी. बघा, सरळ आहे. शोइची गेला त्या हिवाळ्यात इथे काय उगवलं होतं?"

मागून कुणीतरी बाई फिसकन हसली. "साप!" झालं, सगळे हसायला लागले. वर्ष उलटलं, तरी कुणी विसरलं नव्हतं.

"आता सांगा," तोमे म्हणाली, "तात्सुओ डावखुरा आहे का?"

हसू थांबलं. सगळ्यांच्या माना माझ्याकडे. कानेने बादली खाली ठेवली. "बोला. नाहीतर मी बोलते."

"मी पेरली," मी म्हणालो. "तोमेसाठी."

मालकांनी माझ्याकडे बघितलं. "लग्नात तुझ्या शेजारी मी बसलो होतो, नाही का इसाकू?"

"हो मालक."

शेत तोमेचं झालं. माझ्या दोन शेतांचा निकाल रखडत रखडत दोन वर्षांनी लागला. मालकांनी मरेपर्यंत माझा नमस्कार घेतला नाही. आणि तोमेने आभाराचा एक शब्द काढला नाही. एकदा बांधावर मी चिडून म्हणालोच, "भर वाऱ्यात आग लावलीस, गाव जळलं असतं! सरळ येऊन विचारायचं होतंस मला."

ती तण उपटत होती. मान वर केली नाही.

"आले होते. काने म्हणाली, माएबाशीला गेलेत. चपला दारातच होत्या तुझ्या."

गवताच्या चपलांची एकच जोडी होती माझ्याकडे, आणि ते तिला ठाऊक होतं.