म्हशीचं निमित्त

लग्नाआधी मी रोज सकाळी कोल्हापुरात कळंब्याच्या तळ्यावर पळायला जायचे. वडील शाळेत मास्तर. ते सायकलवर, माझ्या शेजारून, घंटी वाजवत. कॉलेजात शर्यतीत माझा नंबर यायचा, पण नंबरापेक्षा मला तळ्यावरचा गार वाराच जास्त आवडायचा. तळ्याजवळच तुरुंग आहे. एकदा एक अनोळखी माणूस वडिलांना ओरडून म्हणाला, "पावणं, घंटी काय वाजवताय? धरा की तिला! जेलातनं सुटलीया न्हवं?"

सत्तर सालानंतर दोनतीन वर्षांनी माझं लग्न झालं आणि मी कोल्हापूरजवळच्या एका खेड्यात आले. दोन नद्या जिथं मिळतात तिथं ते गाव. घरची शेती. नवरा शिरोलीच्या एमआयडीसीत फाउंड्रीत कामाला, तो पहाटेच सायकल काढायचा. सासरे नदीवर अंघोळ करून तसेच मळ्यात जायचे, ते न्याहारीलाच परत. सकाळी घरात सासूबाई, मी आणि एक म्हैस.

नव्या सुना माहेरच्या आठवणीनं हळव्या होतात. मी वाटा बघून व्हायचे. घाटावरून नदीकाठानं मऊ काळ्या मळीच्या मातीची वाट जायची, पुढं दोन्ही बाजूंनी ऊस, मग बंधारा. बंधाऱ्यावरून पाणी चादरीसारखं खाली उतरायचं. त्याच्या पुढं गुऱ्हाळ, तिथं उकळत्या रसाचा वास वाटेवर आडवा पडलेला असायचा. तिथून संगमावरच्या देवळाला वळसा घालून परत घाट. असली वाट रोज डोळ्यांसमोर आणि मी तिच्यावरून डोक्यावर पदर घेऊन धुण्याची बादली नेत होते.

एका सकाळी राहवलं नाही. घाटावर कोणी नाही असं बघून बादली ठेवली, साडी वर खोचली आणि बंधाऱ्यापर्यंत पळत गेले. पाणी बघत घटकाभर उभी राहिले. वळले तर मागून अर्धं गाव पळत येत होतं. कोणाच्या हातात कासरा, कोणाच्या हातात काठी. तालमीतला एक पैलवान तर लंगोटावर नदीत उतरून बुड्या मारत होता.

"कुठं हाय? कुठं गेली?" तो दर बुडीनंतर डोकं वर काढून विचारायचा.

"आरं वर ये! वर हुबी हाय ती!" काठावरून लोक ओरडले.

झालं होतं असं, की नवी सून बादली टाकून नदीकडं पळताना एका म्हातारीनं बघितली आणि तिनं गावाला जो अर्थ सांगितला, तो कोणीही सांगितला असता. पैलवान थंडीनं कुडकुडत वर आला आणि माझ्याकडं बघून रागानं म्हणाला, "वैनी, जीव द्यायचा न्हवता तर पळायचं कशाला?"

सासूबाईंना आम्ही आत्ती म्हणायचो. मला वाटलं, आता माहेरी निरोप जाणार. पण संध्याकाळी भाकरी थापता थापता त्या म्हणाल्या, "खरं सांग. का पळालीस?"

"आवडतं म्हणून, आत्ती."

"कशाच्या मागं पळत हुतीस?"

"कशाच्याच नाही."

त्यांनी भाकरी तव्यावर टाकली, पाणी फिरवलं, उलटली, फुगवली. मग म्हणाल्या, "बाईमाणसानं बिनकामाचं चाललं तर लोक इचारत्यात. तू तर पळतीयास. काय तरी निमित्त पायजे."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी मला नऊवारी नेसवली. घट्ट कासोटा घालून म्हणाल्या, "पाचवारीत पळशील तर नाकावर पडशील." मग गोठ्यात गेल्या, म्हशीचं दावं सोडलं, तिच्या पाठीवर सणसणीत थाप मारली आणि दारात येऊन साऱ्या आळीला ऐकू जाईल असं ओरडल्या, "आगं बया! म्हस सुटली! धर जा, सूनबाई, धर!"

मी धरायला निघाले. वाटेत भेटणारे लोक बाजूला होऊन मला मदत करत होते. "वरल्या अंगाला गेलीया!" "जोरात पळा, वैनी!" एवढं प्रोत्साहन मला कॉलेजातसुद्धा मिळालं नव्हतं.

मग रोज म्हैस सुटायला लागली. वाट मात्र तिच्या मर्जीची. कधी ती नदीकाठ धरायची, कधी देवळाकडं. दुसऱ्याच्या उसात घुसली की आमचं पळणं थांबायचं आणि शिव्या सुरू व्हायच्या. म्हणून आत्तींनी युक्ती काढली. माझ्या ओच्यात पेंडीचा खडा बांधून दिला. आता मी पुढं आणि पेंडीच्या वासानं म्हैस मागं. पुढं पुढं पेंडही लागेना, मी पळाले की ती पळायचीच. गुऱ्हाळावरचा गुळव्या एकदा काहिलीतला रस ढवळायचं थांबवून म्हणाला, "काल सून म्हशीच्या मागं हुती, आज म्हसच सुनंच्या मागं लागलीया. भांडान झालंय का काय?"

पावसाळ्यात बंधारा पाण्याखाली गेला, तेव्हा आम्ही वरच्या सडकेनं पळालो. पावसाळा सरता सरता सासऱ्यांच्या लक्षात आलं की म्हैस बारीक झाली आहे. त्यांनी ढोरांच्या डॉक्टरांना बोलावलं. डॉक्टरांनी म्हैस तपासली, मांड्या चाचपल्या.

"हिला काय बी झालेलं न्हाय. पाय घोड्यावानी झाल्यात. पळवताय का काय हिला?"

आत्ती चटकन म्हणाल्या, "जातिवंतच हाय ती."

सासऱ्यांना ते शब्द भलतेच आवडले. आमच्याकडं दिवाळीच्या पाडव्याला म्हशी पळवतात. मालक फटफटीवर पुढं, त्याच्या हाकेनं म्हैस मागं. सासऱ्यांनी गावभर सांगितलं, यंदा आपली म्हस उतरणार. शेजाऱ्याला फटफटी चालवायला बसवलं आणि हाका मारायला स्वतः मागं बसायचं ठरवलं.

पाडव्याला म्हशीची शिंगं रंगवली, गळ्यात कवड्यांची माळ घातली. सारं गाव सडकेच्या दोन्ही कडंला. फटफटी सुटली. सासरे मागं वळून घसा फोडून हाका मारत लांब गेले. म्हैस जागची हलली नाही. रवंथ करत लोकांकडं बघत राहिली. लोक हसायला लागले. सासरे परत आले, पुन्हा गेले. म्हैस तिथंच.

तेवढ्यात आत्तींनी मला कोपरानं ढोसलं. "पळ."

"आत्ती, एवढ्या लोकांत?"

"आतापातूर म्हस सुटली म्हणून पळत हुतीस. आता थांबलीया म्हणून पळ. निमित्त तेच हाय. जा, मी सांगतो न्हवं!"

मी पदर खोचला आणि सुटले. मागं कवड्यांचा खळखळाट ऐकू आला. म्हैस निघाली होती! थोड्या वेळात आम्ही दोघींनी हाकांसाठी रेंगाळलेली फटफटी मागं टाकली. सासऱ्यांचं तोंड मला ओझरतं दिसलं. हाक तशीच अर्धवट, तोंड उघडं. लाउडस्पीकरवरचा माणूस बेभान ओरडत होता, "पयली सूनबाई! दुसरी म्हस! आन् मालक तिसरं!"

फेटा कोणाला बांधायचा यावर वाद झाला. सासरे गोंधळून म्हणाले, "हिला बांधा." पंचांनी त्याचा अर्थ आपल्या सोयीनं घेतला आणि म्हशीच्या शिंगांना फेटा बांधला.

घरी आल्यावर सासऱ्यांनी आत्तींना विचारलं, "कवापासनं चाललंय हे?"

"माघापासनं."

मी भिंतीला चिकटून उभी. त्यांनी पानाला चुना लावला. मग म्हणाले, "मग रोज म्हस सुटली म्हणून बोंब कशाला मारता? शेजाऱ्यांची झोपमोड हुती. नुसतं घिऊन जायाचं की."

दुसऱ्या दिवशी सकाळी दारात शेजारच्या दोघी जावा उभ्या. दोघींच्या हातात आपापल्या म्हशींची दावी, दोघींचे कासोटे कसलेले. थोरली म्हणाली, "आमच्या बी लय सुस्तावल्यात. येतो आमी संगट." आम्ही तिघी आणि तीन म्हशी घाटावरून निघालो. त्यांच्या म्हशी पहिल्याच वळणावर पाण्यात जाऊन बसल्या. त्या दोघी मात्र थांबल्या नाहीत. बंधाऱ्यापर्यंत पळत आल्या आणि कमरेवर हात ठेवून, धापा टाकत, पाण्याकडं बघून हसत सुटल्या.