शैलाने कापलेला शॉट

मला विहिरीत सोडून पळालेली मुलगी आज सकाळी गेली.

शैला.

पळाली नव्हती ती. पण काही क्षण मला तसं वाटलं होतं. हे मी कधी कुणाला सांगितलं नाही. आज सांगतो.

९२ साल. जळगावला आम्ही बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला. शैलाच्या डोक्यात थ्रिलर फिल्म. कॉलेजच्या गॅदरिंगला दाखवायची.

वर्गातल्या राजूच्या काकांचा धुळ्याला लग्नाच्या व्हिडिओ शूटिंगचा स्टुडिओ. कॅमेरा मिळणार फक्त एका दिवसासाठी.

"एका दिवसात पिक्चर होतो का?" मी म्हणालो.

"फक्त सुरुवात करू. पाच मिनिटं. इतकी टाइट, की लोकांनी पुढचं मागितलं पाहिजे."

प्रॅक्टिकलच्या जर्नलमागे तिने अकरा शॉट काढले. एक माणूस केळीच्या बागेतून जीव घेऊन पळतोय. मागे कोण आहे ते दिसत नाही. शेवटी समोर विहीर.

पळणारा मी.

बाग तिच्या वडिलांची, यावलजवळ. आम्ही सगळे त्यांना नाना म्हणायचो. शूटिंगच्या दिवशी सकाळी शैलाने विहिरीच्या अलीकडे चुन्याची रेघ मारली.

"प्रकाश, इथे थांबायचं. काही झालं तरी."

विहिरीला कठडा नव्हता. आत मोटार चालू, केळीला पाणी सोडलेलं.

पहिला टेक बरा. दुसरा बरा.

शैलाला बरा नको होता.

"तू पळत नाहीयेस, जॉगिंग करतोयस. मागे बघत पळ. कोणीतरी खरंच मारायला येतंय."

तिसऱ्या टेकला मी खरंच पळालो. मागे बघत.

रेघ दिसलीच नाही. पायाखाली चिखल, मग पायाखाली काहीच नाही.

पाणी थंड होतं. हातपाय मारता यायचे, पोहता येत नव्हतं. दोनदा खाली गेलो. वर आलो तेव्हा दगडाच्या एका खाचेत बोटं अडकली. शेवाळाने सटकत होती.

हातभर अंतरावर मोटारीचा लोखंडी पाइप. मी हात पुढे केला.

वरून शैला किंचाळली. कॉलेजात शुद्ध बोलणारी शैला.

"पाइपाले हात नको लावू! करंट हाये!"

वायर पाइपाला बांधलेली, आणि पाण्याच्या वर ती उघडी पडली होती. मग मलाही दिसली.

मी वर बघितलं.

शैला काठावर नव्हती.

नुसतं आभाळ. मोटारीची घरघर. माझी बोटं एकेक करून सुटत होती. मनात एकच आलं. घाबरली. पळाली. आता आपण मेलो.

किती वेळ गेला माहीत नाही. कॅमेऱ्यावरचा राजू नंतर म्हणाला, पंधरा-वीस सेकंद.

मग घरघर थांबली.

"आता धर! प्रकाश, आता धर!" आवाज लांबून येत होता. ती मोटारीच्या खोलीकडे धावली होती, स्टार्टर बंद करायला.

मी पाइप धरला. खरं सांगतो, डोळे मिटून धरला.

नाना दोर घेऊन आले. मला वर ओढलं, आधी माझ्या डोक्यावरून हात फिरवला, मग शैलाला म्हणाले, "पोरी, मोटार बंद करून का नाही केलं हे?"

ती चुन्याच्या रेघेकडे बघत बसली.

आणि राजूचा कॅमेरा? भीतीने राजू जागीच खिळला होता. खांद्यावर कॅमेरा तसाच, चालूच. सगळं रेकॉर्ड झालं होतं. माझं पडणं. माझं ओरडणं.

आठवड्याने धुळ्याला काकांच्या स्टुडिओत एडिटिंग. दोन व्हीसीआर, एक टीव्ही. एक कट चुकला की पुन्हा मागे जा. तीन दुपारी तेच.

तो शॉट आला आणि खोलीत कोणी श्वास घेईना.

काका म्हणाले, "हा ठेवा. लोकं खुर्चीवरून उठतील."

राजू म्हणाला ठेव. मी पण म्हणालो ठेव. मला अभिमानच वाटत होता हो!

शैलाने तीनदा बघितला.

"नाही."

"अगं, मी मरता मरता वाचलो त्यात. निदान वापर तरी."

"म्हणूनच नाही. ती ॲक्टिंग नाहीये. मी तुला जोरात पळ म्हणाले म्हणून ते झालं." मग हळू आवाजात, "तुझी आई येणार आहे ना गॅदरिंगला?"

भांडलो आम्ही. मी चहासुद्धा न घेता उठून गेलो.

तिने शॉट काढलाच. त्या जागी धावणाऱ्या पावलांचा आवाज ठेवला. मग एकदम शांतता. केळीचं एक पान हलतंय. बस.

त्या मूळ कॅसेटवर पुढच्याच आठवड्यात कुणाचं तरी लग्न शूट झालं.

गॅदरिंगला आई पारोळ्याहून एसटीने आली. पहिल्या रांगेत बसली. ते पान हललं आणि अख्खा हॉल गप्प. आईने माझं मनगट इतकं घट्ट धरलं की वळ उठला.

कार्यक्रम संपल्यावर तिने शैलाला गाठलं.

"मंग, तो वाचना का नही?"

शैलाने माझ्याकडे बघितलं. त्या दिवसानंतर पहिल्यांदा तिचे डोळे भरले.

"वाचला, मावशी."

आईने सुटकेचा श्वास सोडला आणि पिशवीतून तिच्या हातावर लाडू ठेवला.

आईला शेवटपर्यंत कळलं नाही. शैला पुढे शाळेत विज्ञान शिकवायला लागली. कॅमेरा पुन्हा हातात घेतला नाही. का, ते मी विचारलं नाही. विचारायला हवं होतं.

आज पाच वाजता यावलला अंत्यविधी आहे. राजू धुळ्याहून निघालाय, पारोळ्याला मला गाडीत घेईल.

शैला, ते पंधरा-वीस सेकंद मी तुझ्याबद्दल चुकीचं समजलो होतो.

माफ कर. येतोय आम्ही दोघं.