राक्षसाला पाणी

आमच्या थोरल्या मामांइतका राक्षसांचा कैवारी अख्ख्या मराठवाड्यात दुसरा झाला नसेल. लोक सकाळी उठून देवाचं नाव घेतात. मामा दात घासता घासता महिषासुराची बाजू मांडायचे. "देवांचं काय, अमृत पिऊन बसलेत. मरायचं भ्यावच नाय. राक्षसाला मराया लागतं, तरी त्यो भिडतो. मंग मर्द कोन?" हा सवाल ते चहाच्या टपरीवर अनोळखी माणसालाही टाकत आणि उत्तर यायच्या आत उठून चालू लागत.

कारण एका जागी बसणं हा प्रकार त्यांना ठाऊकच नव्हता. पडेगावच्या घरी चहा उभ्याने, जेवण दोन हप्त्यांत, आणि एसटीत खिडकीची जागा मिळाली तरी हे आपले दारापाशी दांडीला लटकलेले. कीर्तनाला मात्र पहिल्या रांगेत असत. पण बुवांनी वधाचा प्रसंग काढला रे काढला, की मामा चपला शोधायला बाहेर. "फुडचं ठाव हाय मला. बघवत नाय," म्हणायचे. दसऱ्याला रावण उभा राहिला की दुपारीच मैदानावर जाऊन त्याच्या मिशांची चौकशी करायचे, एका वर्षी तर मिशा बारीक झाल्या म्हणून कारागिराशी भांडलेही. आणि काडी लागायच्या आत घरी परत. पाहुणा आला की त्याला वेरूळला न्यायचे आणि बाकी सगळी लेणी ओलांडून थेट कैलास हलवणाऱ्या रावणापुढे उभं करायचे. "वीस हातांनी डोंगर उचलला गड्यानं, आन् देवानं अंगठा दाबला. पर दबल्यावर बी गायलाच की नाय?" पाहुण्याचा बुद्ध बघायचा राहूनच जायचा. शनीला तर ते घरातल्यासारखं वागवत. "त्याला काय भ्यायचं? सरकारी नोकर हाय त्यो. अडीच वर्सं झाली की बदली."

साऱ्या राक्षसांची वकिली करणाऱ्या या माणसाला एकट्या हिरण्यकशिपूची बाजू मात्र कधी मांडता आली नाही. आणि नेमकं त्याचंच सोंग त्यांच्या घराण्याकडे होतं. खुलताबादच्या पुढे डोंगरात त्यांचं मूळ गाव. तिथे नरसिंह जयंतीला दिवस मावळताना कागदी खांब फोडून नरसिंह निघतो, राक्षसाला मांडीवर घेतो आणि खेळ संपतो. पण गावची एक रीत आहे. प्रल्हादाने बापासाठी मुक्ती मागितली, म्हणून मेलेल्या राक्षसाला, म्हणजे सोंग घेणाऱ्याला, त्याच्या स्वतःच्या मुलाने पाणी पाजायचं. तोवर त्याने उठायचं नाही, आणि तो उठेपर्यंत गावाने उपास सोडायचा नाही.

मामांचा एकुलता एक मुलगा पुण्याला कारखान्यात नोकरी धरायला निघाला, तेव्हा मामा गरजले होते, "उंबऱ्याभाईर पाय टाकला तर परत यिऊ नगं." पोरगाही त्यांचाच, तो आला नाही. सहा वर्षं पुजाऱ्याने कसंबसं पाणी पाजून वेळ निभावली. मामा पोराचं नावही काढत नसत. फक्त पोस्टमनची सायकल दिसली की जागचे उठत, म्हणजे नेहमीपेक्षा थोडे जास्त उठत. मला ते बघवेना. सातव्या वर्षी मी मामेभावाला शहरातून फोन लावला. "जयंतीला ये रे," म्हटलं. तो म्हणाला, "बघतो." आणि मी मूर्खाने मामांना येऊन सांगितलं, "येतो म्हणालाय."

त्यानंतरचे चार दिवस मामांच्या पायाला चाकं होती. स्वतः मुकुटाला सोनेरी कागद चिकटवला, मामींकडून पुरणाचा बेत ठरवून घेतला, गावभर सांगत सुटले. मी हे सगळं बघत होतो आणि खरं सांगायचा धीर मला होत नव्हता.

जयंतीच्या संध्याकाळी राक्षस नेहमीसारखा मेला. पुजारी तांब्या घेऊन पुढे आला तर मामांनी डोळे मिटूनच हात हलवला. "थांबा जरा. येस्टी लेट असती." गाव थांबलं. उपाशी पोरं कुरकुरू लागली, म्हातारे घशात खाकरू लागले. पुजारी म्हणाला, "भाच्याच्या हातनं घ्या की." कुणी म्हणालं, भाचा चालत नाही, एक आजीबाई कडाडल्या, "भाचा म्हंजी काय परका हाय व्हय?" वाद रंगला. जन्मात एका जागी न बसलेले मामा मात्र मातीत स्वस्थ पडून होते.

शेवटची गाडी आली. दोन बाया आणि एक पोतं उतरलं. गाडी निघून गेली.

तांब्या माझ्या हातात होता. मी वाकलो. मामा डोळे न उघडता हळूच म्हणाले, "येतो म्हनला व्हता ना?"

"बघतो म्हणाला होता, मामा."

त्यांनी पडल्यापडल्याच तांब्याला हात लावला. मग म्हणाले, "दे पानी. लोकं उपाशी हायेत."

मला त्या पोराचा राग आला, मामांचा आला, आणि सगळ्यात जास्त माझा मला आला. पंगत बसली. मामा दाढीमिशांसकट वाढत फिरत होते, याला आग्रह, त्याला दम. माझ्यापाशी आले तेव्हा माझी मान वर होईना. त्यांनी पानात पोळी टाकली, तिच्यावर तूप ओतलं, ओततच राहिले.

"खोटं बोललास ते बरं केलंस," ते म्हणाले. "चार दिस लई चांगले गेले." आणि पुढच्या पानाकडे सरकले.