मासे आणायला गेलो होतो

हसायचं असेल तर खुशाल हसा, पण माझ्या बायकोसमोर नको. तिच्या जखमेवर अजून खपली धरायची आहे.

दोन हजार पाचचा नोव्हेंबर. नॉटिंगहॅम. दुपारी चारला अंधार, आणि घरात तर दिवसभरच अंधार. सुमाची आई जाऊन वर्ष होत आलं होतं. तिचे वडील, म्हणजे आमचे नाना, चिपळूणहून आमच्याकडे राहायला आले होते. राहायला कसले? खिडकीशी बसायला. "हो" आणि "नको" एवढे दोनच शब्द ते बरोबर घेऊन आले होते, आणि तेही जपून वापरायचे. आईंचं तर नावसुद्धा नाही.

एका संध्याकाळी सुमा स्वयंपाकघरात रडत होती. "मकरंद, काहीतरी कर ना. ते असेच बसून बसून जातील रे."

आता मी काय करणार? मला आठवलं, नाना तरुणपणी वाशिष्ठीवर गळ टाकायचे. म्हटलं, शनिवारी यांना इथल्या कॅनॉलवर नेऊ. सुमाला पत्ता लागू द्यायचा नाही, एकदम मासेच हातात द्यायचे! मी पुण्याचा. मासा मी फक्त ताटात पाहिलेला. पण उत्साह बघा.

शुक्रवारी नानांना गाडीत बसवून ठेवलं आणि मासेमारीच्या दुकानात शिरलो. काठी घेतली. मग दुकानदारानं विचारलं, "आमिष काय देऊ? जिवंत की लुअर?"

लुअर म्हणजे रंगीत चमचमता खोटा मासा. एकाला दोन पिसं होती, एक नुसताच गोल गोल फिरत होता. मला ते काही पटेना. खोटा मासा दाखवून खऱ्याला फसवायचं? आमच्या नानांसारख्या माणसाला हे शोभतं का? मी ऐटीत म्हणालो, "जिवंतच द्या."

"बरं. पाइंट, मी डक?"

'मी डक' म्हणजे तिथलं लाडाचं 'बाळा'. मला भरूनच आलं हो! इतकी वर्षं या देशात राहिलो, पण असं प्रेमानं कुणी बिअर विचारली नव्हती.

"नको नको, थँक यू. गाडी चालवायची आहे."

तो माझ्याकडे बघत राहिला. "मग? हाफ?"

वाटलं, याला वाईट वाटलं. सारखं नाही म्हणणं बरं दिसत नाही. "बरं, चला, एक पाइंट. आणि एक माझ्या सासऱ्यांना. ते बाहेर गाडीत आहेत. फार दुःखात आहेत बिचारे."

"दुःखात?" म्हणत तो आत गेला आणि दोन डबे घेऊन आला. झाकण उघडलं. आत पांढऱ्या अळ्या! वळवळणाऱ्या, हजारो! तिथे अळ्या पाइंटवर मोजून मिळतात, हे मला कोण सांगणार?

आता "मला बिअर वाटली" असं सांगायची छाती कुणाची? घेतले मुकाट्यानं. तो मागून ओरडला, "फ्रिजमध्ये ठेव!"

फ्रिजमध्ये? सुमाच्या? त्यापेक्षा मीच कॅनॉलमध्ये उडी मारली असती. मी डबे वरच्या मजल्यावर बॉयलरच्या कपाटात, टॉवेलांच्या मागे लपवले. उबेला राहतील बिचाऱ्या. गुदमरू नयेत म्हणून झाकणंही किलकिली ठेवली. माझी भूतदया!

शनिवारी धो धो पाऊस. नाना म्हणाले, "नको." पुन्हा खिडकी. माझा इतका हिरमोड झाला की डबे पार डोक्यातून गेले.

पुढच्या रविवारी आईंचं वर्षश्राद्ध. नऊ दिवस झाले होते. सुमानं पहाटेपासून राबून खीर-वडे केले होते. ओळखीचं एक जोडपं आलं होतं. आईंच्या फोटोला हार, नाना पानावर, घरात चिडीचूप. पाहुण्यांना हात पुसायला टॉवेल हवा म्हणून सुमा वर गेली.

किंकाळी! आणि तिच्या पाठोपाठ जिन्यावरून एक काळा ढग गुणगुणत खाली आला. निळ्या-काळ्या, टपोऱ्या माशा. दोन पाइंट! खिरीवर, वड्यांवर, हारावर, पाहुणीच्या अंबाड्यावर. त्या दोघांनी जेमतेम बूट घातले आणि "मग भेटू" म्हणत पळ काढला.

सुमा जिन्यात उभी. हातात टॉवेल, टॉवेलवर अळ्यांची रिकामी टरफलं. "हे काय आहे?"

"नानांना मासेमारीला नेणार होतो," मी पुटपुटलो. "हे आमिष होतं."

नानांनी वाटीतली माशी बोटानं अलगद उचलली. माझ्याकडे नीट पाहिलं.

"जावईबापू, मासे म्हणालात ना? या माशा आहेत."

एवढं लांब वाक्य! सुमाच्या हातून टॉवेल गळला. नाना तिच्याकडे वळले.

"सुमे, तुझ्या आईला मी तेव्हाच म्हटलं होतं, जरा थांबू, मुलाची नीट चौकशी करू. नाही ऐकलं तिनं."

सुमा तिथेच पायरीवर बसून रडायला लागली. "आणखी काय म्हणायची आई?"

आणि नाना बोलायला लागले. अंधार पडेपर्यंत बोलत होते, मधेच रडत होते. मी रोल केलेल्या पेपरानं माशा मारत ऐकत होतो. वर्षभरानं माणूस मोकळा झाला, आणि त्यातून मला कळलं काय? तर त्या माउलीनं उभ्या आयुष्यात एकच चूक केली होती. ती म्हणजे मी.