बाबांची तीन बोटं

आमच्या तलावावर जाळ्याचं माप म्हणजे बाबांची तीन बोटं. जाळ्याच्या प्रत्येक डोळ्यात ती बसली पाहिजेत. त्याहून लहान मासा निसटायलाच हवा, पुढच्या वर्षी तोच मोठा होऊन येतो. आम्हा ढिवरांच्या पंधरा घरांनी मिळून माशाचं बी सोडलेलं असतं. देवळीच्या बाजारात तयार नायलॉनची जाळी ढीगभर मिळतात, पण बाबा हात लावत नसत. "हे जाळं हाय का मच्छरदानी?" म्हणायचे.

मग त्यांना लकवा मारला. उजवी बाजू गेली, जीभ जड झाली. तो हात आता काही कामाचा नाही, असं आम्ही त्यांच्यासमोरच बोलायचो. मीसुद्धा बोलले, खोटं कशाला सांगू?

जुनं जाळं फाटलं तेव्हा मी हट्टानं नवं विणायला घेतलं. आई म्हणाली, "बाबाले दाखवत जाय." मी फणकारले, "काऊन? मले येते ना!" तीन बोटं घालत घालत महिनाभर विणलं. मान पार आखडली. दादा ते घेऊन तलावावर जायला लागला. आठवडाभर मासळी थेट बाजारात गेली, तीही रोज टोपली भरून. मी गावभर मिरवले!

आठव्या दिवशी दादा टोपली घरी घेऊन आला आणि बाबांच्या खाटेपाशी ठेवली. बाबांनी एक रोहू उचलला. वीतभरसुद्धा नव्हता. दादानं टोपलीशेजारी टाकलेलं जाळं त्यांनी ओढलं, डाव्या हाताची तीन बोटं डोळ्यात घातली. जाईनात. मग माझा हात धरून माझी बोटं घातली. सहज गेली.

अगं बाई! बोटं तीनच होती, पण माझी होती. तलावातली पिल्लं मी आठ दिवस ओरपत होते. पंधरा घरांना आता काय तोंड दाखवू? लाज वाटली, आणि लाजेचा राग त्या आजारी माणसावर निघाला. "आधी सांगायचं ना!" मी ओरडले.

"इचारलं... कोनं?" बाबा म्हणाले.

त्यांनी डाव्या हातानं उजवा उचलला आणि माझ्या मांडीवर आणून ठेवला.

"हा रिकामाच हाय. याचं... माप घे."

हात ऊन होता, जड होता. मी त्याची तीन बोटं जुळवून धरली आणि आईला म्हटलं, कात्री दे, आधी हे जाळं कापते.