पाठ केलेले तीस प्रोग्रॅम

बी.एस्सी. झाल्यावर मी बी.एड. करायचं, असं घरात ठरूनच गेलं होतं. मला मात्र प्रोग्रॅमिंग शिकायचं होतं. बुलढाण्यातल्या एका क्लासमध्ये नवशिक्यांसाठी प्रवेश परीक्षा होती. बाबा म्हणाले, "नंबर लागला त ठीक, नाही त बी.एड.चा फॉर्म भर." हातात दोन महिने होते.

पण आमच्या धाड गावात बसून शिकायचं कशावरून? मी दुकानातलं सर्वांत जाड पुस्तक आणलं. जाड म्हणजे चांगलं, ही आमची शाळेतल्या गाईडपासूनची समजूत. तिसऱ्या पानापासून ते डोक्यावरून जाऊ लागलं. मग मोबाइलवर हिंदी व्हिडिओ लावले. तिथले सर असे घाईत, जणू त्यांची शेवटची एसटी सुटत होती. शेवटी मला जे येतं तेच केलं. दहावीला निबंध पाठ केले होते, तसे तीस प्रोग्रॅम वहीत उतरवले आणि ओट्यावर बसून मोठ्याने घोकायला लागले. "कंस उघडा, कंस बंद, स्वल्पविराम." बाबा कौतुकाने ऐकत बसायचे.

एक दिवस आई समोर बाजारासाठी मेथीच्या जुड्या बांधत होती. तिने विचारलं, "याच्यातली मधातली ओळ काढून टाकली त काय होते वं?"

"मले का माहीत?"

"मंग काढून पाह्य ना. मी सयपाक असाच शिकली. एक दिवस मीठ नाही टाकलं, एक दिवस फोडणी नाही देल्ली. तवा समजलं, कशाचं काय काम हाये."

"आन बाबा?"

"ते बिचारे खात राह्यले."

त्याच दुपारी मोबाइलवर एक प्रोग्रॅम लिहिला आणि त्यातली एक ओळ उडवली. पडद्यावर लाल अक्षरं आली. ओळ परत टाकली, लाल अक्षरं गेली. मला भलतीच मजा आली. परीक्षेपर्यंत मी रोज काहीतरी बिघडवत आणि दुरुस्त करत होते.

परीक्षेत तिसातला एकही प्रोग्रॅम आला नाही. कागदावर बंद पडलेला एक प्रोग्रॅम होता. कारण शोधायचं होतं. दोनदा वाचल्यावर दिसलं, बेरीज सुरू करण्याआधी ती शून्य धरायची ओळच नव्हती. मी ती लिहिली.

नंबर लागला. क्लासचा फॉर्म भरताना तिथल्या सरांनी सगळ्यांना विचारलं, आधी कुठे शिकलात? कोणी वेबसाइट सांगितली, कोणी ॲप. मी म्हटलं, "आईकडे."

"काय करतात त्या?"

"भाजीपाला पिकवते."

दोघंतिघं हसले. सर हसले नाहीत. त्यांनी त्या प्रश्नाच्या रकान्यात आईचं पूर्ण नाव विचारून लिहिलं.