मेस्त्री बाईंची बिनआवाजी गाडी

आमच्या शाळेच्या स्टाफरूममध्ये पंखा एक, खुर्च्या सात आणि माणसं नऊ. त्यामुळे दोघं कायम उभी, आणि उभा माणूस गप्प बसत नाही! किस्से असेच साचत जातात. एकानं सुरू करायचा, दुसऱ्यानं मध्येच हिसकावून घ्यायचा, आणि बेल झाली की अर्धवट टाकून वर्गावर पळायचं. पण गेल्या दोन वर्षांत बाकीचे सगळे विषय मागे पडलेत. कारण आमच्या मेस्त्री बाईंनी सेकंडहॅण्ड इलेक्ट्रिक गाडी घेतली!

मेस्त्री बाई गणित शिकवतात. मी मराठी. म्हणजे हिशोब त्यांनी करायचा आणि वर्णन मी, अशी आमची वाटणी आहे. बाईंनी लग्न केलं नाही, रिटायरमेंट जवळ आलीय. शाळा कणकवलीत, घर कुणकेश्वरला, आणि घरात फक्त आई. ऐंशीच्या पुढची. बाई कणकवलीत खोली घेऊन राहायच्या आणि शनिवारी एसटीनं घरी जायच्या. मग आई पडली. खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, वॉकर आला, पण कुणाच्या आधाराशिवाय तिला खुर्चीतून उठता येईना. शेजारची सुनंदा दिवसभर बघायची, पण दिवेलागणीला तिला आपल्या घरी जावंच लागे. म्हणजे बाईंना रोज संध्याकाळी घरी पोचणं भाग होतं.

"आये, तू कणकवलेक ये," असं बाईंनी सांगून पाहिलं.

"मी आता ह्या घरातसून एकदाच भायर पडतलंय," आई म्हणाली. विषय संपला!

नवी गाडी परवडत नव्हती. जुनी पेट्रोलची परवडली असती, पण रोज जाऊन-येऊन शंभरावर किलोमीटरचं पेट्रोल परवडणार नव्हतं. राहिली जुनी इलेक्ट्रिक.

* * *

हायवेला जुन्या गाड्या विकणारा एक एजंट आहे. बाई मला सोबत घेऊन गेल्या. रांगेत एक पांढरी इलेक्ट्रिक गाडी उभी होती आणि ती बाईंच्या पैशात बसत होती.

"मॅडम, डॉक्टरांची गाडी आहे," एजंट म्हणाला. "एकहाती वापर. घर ते दवाखाना, दवाखाना ते घर. बस्स!"

आमच्या जिल्ह्यात विकायला आलेली प्रत्येक गाडी डॉक्टरांचीच असते. एवढे डॉक्टर जिल्ह्यात असते तर आम्ही औषधाला कोल्हापूर गाठलंच नसतं! बाईंनी मागचं दार उघडलं, सीटखाली हात घातला आणि गवताच्या दोन-चार काड्या बाहेर काढल्या.

"डॉक्टर कसले?" बाईंनी विचारलं.

एजंट घुटमळला. "तसे... जनावरांचे."

"म्हणजे दवाखाना गावोगावच्या गोठ्यात!"

गाडी किती फिरली असेल ते तिथेच कळलं. एजंटनं लगेच किंमत खाली आणली.

* * *

एवढ्यावर गाडी घ्यायची नव्हती. बाईंनी बाबल मेकॅनिकला बोलावलं. बाबलची कीर्ती त्याच्या कानांची. बॉनेटला कान लावून तो इंजिनाचा आजार सांगतो. त्याच्या सांगण्यावर आमच्या अर्ध्या स्टाफनं गाड्या घेतल्यात.

बाबल आला, टोपी काढली, कान लावला, डोळे मिटले.

"चालू करा बगूया."

"चालूच आसा रे," बाई आतून म्हणाल्या.

बाबलनं दुसरा कान लावला. मग गाडीखाली सरपटत गेला आणि बराच वेळ आतच राहिला. बाहेर आला तेव्हा त्याचा चेहरा पडला होता. "बाई, हिका सायलेन्सरच नाय!"

"नसतोच रे हिला."

बाबल तिथल्याच दगडावर बसला. टायर बघितले, ब्रेक बघितले, पत्रा ठोकून बघितला, ते सगळं ठीक होतं. मग विचार करून म्हणाला, "बाई, हिचा काय बिगाडला तर माका कळूचा नाय. पण दुसऱ्या कोणाकय कळूचा नाय. घेवन टाका!"

* * *

"तोंडी झाली, आता प्रात्यक्षिक," बाई म्हणाल्या.

एजंटच्या डोक्यात पेट्रोल पंपापर्यंतची एक फेरी होती. बाईंच्या डोक्यात कुणकेश्वर होतं! बॅटरी पूर्ण भरून घेतली, एसी लावला, मागे आम्ही तीन शिक्षक बसलो, पुढे एजंट. आम्हा तिघांचं वजन सांगत नाही. बाईंनी मुद्दाम निवड केली होती, एवढंच सांगते.

जाताना एजंट बडबडत होता. अर्ध्या वाटेवर तो एसी बंद करा म्हणाला. बाईंनी केला नाही. चढ आला की तो पुढे वाकायचा, त्यानं गाडीला काय मदत व्हायची कोण जाणे. कुणकेश्वरला पोचलो तेव्हा जवळजवळ निम्मी बॅटरी संपली होती. एजंट उतरला आणि चपला काढून थेट देवळात गेला. दहा मिनिटांनी कपाळाला अंगारा लावून बाहेर आला.

"काय मागितलंत?" मी विचारलं.

"परतीचा प्रवास!"

परत कणकवलीत शिरलो तेव्हा काटा तळाला टेकला होता. पण पोचलो. बाईंनी स्टिअरिंगवर हात ठेवला आणि म्हणाल्या, "पास. काठावर, पण पास."

* * *

गाडी घरी आली तेव्हा वाडीतल्या तातू गावकारांना गाऱ्हाणं घालायला बोलावलं. नवं काही घरात आलं की देवाला मोठ्यानं सांगायचं, मागायचं ते मागायचं, आणि जमलेल्यांनी दर वाक्याला होकार भरायचा, ही आमच्याकडची रीत. पण तातूंना प्रश्न पडला. गाडी नवी नव्हती!

"आदल्या मालकान खयच्या देवाक गाऱ्हाणा घातल्यान आसात? तो देव अजून राखण करता आसतलो. तेका मोकळो करूक व्हयो."

मग नारळ हातात घेऊन तातू उभे राहिले.

"बा देवा म्हाराजा! बारा गावच्या, बारा वयवाटीच्या म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"ह्या तुज्या लेकरान ही जुनी गाडी घेतल्यान हा, ती गोड मानून घे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"त्या ढोरांच्या डाक्टराचो जो काय देव आसात, तेका सांग, बाबा, तुजी राखण सोपली, आता आमी बगतंव, रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"आणि हिची ती..." तातू थांबले. बाईंनी हळूच शब्द पुरवला. "हिची ती बॅटरी जर वाटेत खंय सोपली, तर कोणाक तरी धाडून दी रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" यावेळी सगळ्यात मोठा आवाज बाईंचा होता.

आरटीओत गाडी बाईंच्या नावावर व्हायला महिना गेला. देवाकडे पाच मिनिटांत ट्रान्सफर!

* * *

रात्री घरी चार्ज केलेली गाडी थंडीत आणि उन्हाळ्यात पुरली. पावसाळ्यात वायपर, लाइट, पाण्यामुळे बंद झालेले रस्ते, वळसे, आणि काटा भलताच लवकर खाली यायला लागला. हायवेच्या एका हॉटेलात फास्ट चार्जर आहे, पण त्याचा प्लग या गाडीला बसतच नाही. म्हणून तर ती स्वस्त मिळाली होती!

एका संध्याकाळी अर्ध्या वाटेवरच्या तिठ्यावर बाईंना अजीजभाईंची बर्फाची वखार दिसली. अजीजभाई मासळीचे व्यापारी, घर वखारीच्या मागेच. वखारीत भक्कम करंट. बाईंनी भीत भीत विचारलं.

"लावा वायर," अजीजभाई म्हणाले. "आणि आत येवा. फातिमान सांदणां केल्यान हत."

"नको, मी गाडीतच बसते."

"गाडी जेवतली आणि तुमी उपाशी बसतलास? माज्या दारात?"

तेव्हापासून पावसाळ्यात बाईंचा तिथे थांबा ठरला. कधी वाफवलेली गोड सांदणं, कधी तांदळाची भाकरी आणि बांगड्याचं सार. बाई सोमवारी मासे खात नाहीत हे फातिमाभाभींनी दुसऱ्याच आठवड्यात ओळखलं आणि सोमवारी वेगळी भाजी व्हायला लागली. पैसे द्यायचा विषय काढला की अजीजभाई बर्फ मोजायला निघून जात.

स्टाफरूममध्ये आम्ही विचारायचो, "काय बाई, काल किती चार्ज झालात?"

"गाडी वीस टक्के," बाई साडीची निरी सैल करत म्हणायच्या, "आणि मी शंभर!"

* * *

पण एक दिवस हसण्यासारखा नव्हता. आदल्या रात्री वादळात कुणकेश्वरची लाइट मध्येच गेली, गाडी अर्धवटच भरली. बाई सकाळी तेवढ्याच बॅटरीवर शाळेत आल्या. परतताना अजीजभाईंकडे भरून घेऊ असा हिशोब. कशाबशा तिठ्यावर पोचल्या तर तिथली लाइनही पडलेली! वखारीतून पाण्याचे ओघळ रस्त्यावर आले होते. फोन लागत नव्हते. सुनंदा आपल्या घरी गेली असणार, आणि खुर्चीतून उठता न येणारी आई एकटी. गणिताच्या बाई, पण त्यांना काही सुचेना. त्या वखारीच्या पायरीवर बसून रडल्या. हे त्यांनीच आम्हाला सांगितलं.

अजीजभाईंनी टेम्पोत भरलेला माल खाली उतरवायला घेतला.

"अजीजभाई, तुमचा बर्फ, मासळी..."

"बर्फ वितळता तो वितळांदे. तुमची आवस वाट बगता आसतली. चला!"

दोर बांधला आणि मासळीच्या टेम्पोनं बाईंची गाडी ओढत कुणकेश्वर गाठलं. सगळ्या वाटेत टेम्पोतलं खारं पाणी बाईंच्या काचेवर उडत होतं. घरी पोचल्या तेव्हा जेवणवेळ टळून गेली होती. आई काळोखात दाराशी खुर्चीत बसलेली. सुनंदा गेल्यापासून पाणीसुद्धा प्यायली नव्हती, उठणार कशी?

"हिका दावणीक बांदून हाडलास?" आई अजीजभाईंना म्हणाली. सगळे हसले. पण तिनं बाईंचं मनगट जे धरलं ते झोपेपर्यंत सोडलं नाही.

गाऱ्हाण्यात कुणाला तरी धाड म्हटलं होतं, ते देवानं ऐकलं होतं, असं तातू गावकार आजही सांगतात.

* * *

दुसऱ्या आठवड्यात बाई हेडसरांच्या ऑफिसात गेल्या. तोवर शाळेची वीज मागणं त्यांच्या तत्त्वात बसत नव्हतं. मला साक्षीदार म्हणून नेलं.

"सर, दिवसा गाडी शाळेत चार्ज करू का?"

"बाई, मला आपल्या अडचणीची पूर्ण कल्पना आहे," हेडसर ऑफिसातल्या मराठीत म्हणाले. "परंतु शाळेच्या विजेवर खाजगी वस्तू? नियमात बसत नाही."

बाई टेबलाच्या कडेला बघत राहिल्या. तिथे सरांचा मोबाइल चार्जिंगला होता. त्याच्या शेजारी पॉवर बँक. आणि तिच्या शेजारी सरांचं दाढीचं मशीन!

सरांनीही तिकडे बघितलं. खाकरले. "तसं... सबमीटर बसवला तर बसेल नियमात."

शनिवारच्या आत इलेक्ट्रिशियन हजर! तेव्हापासून गाडी रोज संध्याकाळी पोटभर भरून निघते.

* * *

आता हा शेवटचा. ह्याला मी स्वतः हजर होते.

ऑक्टोबरातला उकाडा. शनिवारी बाई म्हणाल्या, "चल गो, दोन दिवस माज्याकडे ये." निघालो. गाडी भरलेली, एसी लावलेला, बाई खुशीत. अजीजभाईंकडे फक्त हात करायला थांबलो आणि सांदणांचा डबा घेऊन पुढे गेलो.

वाडीत शिरलो तेव्हा दिवेलागण झाली होती. सगळ्या घरांत दिवे. सुनंदाकडे टीव्ही चालू. फक्त बाईंचं घर काळोखात.

बाईंनी गाडी अंगणात कशीतरी उभी केली, दारसुद्धा लावलं नाही. "आये! आये गो!" म्हणत धावल्या. मी मागोमाग.

आई पडवीत खुर्चीत बसली होती. घामानं लुगडं अंगाला चिकटलेलं. हातात पुठ्ठ्याचा तुकडा, त्यानं वारा घेत होती.

"इलंस?"

"काळोखात कित्याक बसलंस? फ्यूज गेलो?"

"खंय गेलो? मीच सुनंदाक सांगून सगळा बंद केलंय. दिवो, पंखो, फ्रीज. दुपारसून बंद आसा."

"पण कित्याक गो?"

"करंट साठांदे म्हणान. वाडयेत पाण्याचा कसा, वरच्यांनी नळ सोडलो काय आमका थेंब मिळणा नाय. तसाच ता. मी हयसर पंख्याखाली बसलंय तर गाडयेक काय उरतला?"

बाईंना हसू आवरेना. मलाही. बाई तिच्या पायाशी बसल्या. "आये, तसा नसता गो! पंखो लावलंस तरी गाडयेक पुरता. आणि आता तर ती शाळेतसूनच भरून येता."

आईचा पुठ्ठा थांबला नाही.

"पुरता?" ती म्हणाली. "त्या दिवसा खंय पुरलो?"

बाई उठल्या. अंगणात जाऊन गाडीला वायर लावली. परत आल्या, आईच्या हातातला पुठ्ठा घेतला आणि तिला वारा घालत बसल्या. पंखा काही लावला नाही.